पीजीॲडमिन ३ क्रॅश होतो तेव्हा: वाली नसलेल्या प्रोग्रामचा दोष कसा शोधायचा

पीजीॲडमिन ३ हा पोस्टग्रेएसक्यूएल हाताळण्याचा जुना डेस्कटॉप प्रोग्राम. कोड सी++ मधला, खिडक्या आणि बटणांसाठी डब्ल्यूएक्सविजेट्स, सर्व्हरशी बोलायला लिबपीक्यू ही लायब्ररी. सप्टेंबर २०१६ मध्ये पायथनमध्ये नव्याने लिहिलेला पीजीॲडमिन ४ आला आणि तिसऱ्याचे काम १.२२.२ या आवृत्तीवर थांबले. तरी तो अजून वापरात आहे, कारण झटकन उघडतो, ब्राउझर मागत नाही आणि हाताला बसलेला आहे. मग एके दिवशी सर्व्हरला जोडताच तो गायब होतो. दोष कळवायला जागा नाही, कळवला तरी दुरुस्त करणारे कोणी नाही.

अशा वेळी शोध कसा घ्यायचा, ते इथे सांगितले आहे. वाचक लिनक्सवर टर्मिनल वापरतो, पण त्याने डीबगर, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत डोकावू देणारे साधन, कधी उघडलेला नाही, असे धरले आहे. विंडोजचा फरक जिथे महत्त्वाचा तिथे सांगू. कमांड आणि संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत; टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे.

कोड तोच आहे, मग बदलले काय?

चालू प्रकल्पात क्रॅश आला की संशय नव्या आवृत्तीवर जातो. इथे नवी आवृत्तीच नाही. २०१६ चा कोड २०१६ सारखाच वागतो आहे. त्याच्या आजूबाजूचे बदलले आहे. म्हणून कोड उघडण्याआधी यादी करा: सर्व्हरची आवृत्ती बदलली का, लायब्ररी बदलली का, प्रोग्राम नव्या कंपायलरने पुन्हा बांधला गेला का, आणि डेटाबेसमध्ये किंवा सेटिंगमध्ये काही नवे आले का.

डेबियन-उबुंटूवर /व्हार/लॉग/डीपीकेजी.लॉग या फाइलीत कोणते पॅकेज कधी अपग्रेड झाले ते तारखेनिशी असते. तिच्यात ‘अपग्रेड’ शब्दावर ग्रेप चालवा आणि प्रोग्राम शेवटचा नीट चालला त्या दिवसानंतरच्या ओळी वाचा. फेडोरावर डीएनएफ हिस्टरी. एक गोष्ट नेहमी नजरेतून सुटते: पोस्टग्रेएसक्यूएल प्रकल्पाची स्वतःची रिपॉझिटरी जोडलेली असेल तर सर्व्हर जुनाच राहतो, पण लिबपीक्यू५ हे पॅकेज मात्र थेट ताज्या आवृत्तीवर जाते. ‘आम्ही काहीच बदलले नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळांच्या यंत्रावर हेच झालेले असते.

विंडोजवर उलटी गंमत. तिथे लिबपीक्यूची डीएलएल प्रोग्रामच्या फोल्डरमध्येच असते आणि ती कधीच बदलत नाही. सर्व्हर मात्र पुढे जातो. पोस्टग्रेएसक्यूएल १४ पासून पासवर्ड साठवण्याची मूळ पद्धत स्क्रॅम-शा-२५६ झाली. १० च्या आधीची लिबपीक्यू ती ओळखत नाही आणि ‘ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड’ असे सांगून थांबते. हा क्रॅश नव्हे, पण तक्रार क्रॅश म्हणूनच येते.

पडले कोण?

सर्वात पहिला निर्णय हा. स्क्रीनवर पीजीॲडमिन दिसतो म्हणून दोष त्याचाच, असे नाही. ‘सर्व्हर क्लोज्ड द कनेक्शन अनएक्स्पेक्टेडली’ असा संदेश आला आणि खिडकी उघडीच राहिली, तर सर्व्हरचा लॉग बघा. तिथे ‘सर्व्हर प्रोसेस वॉज टर्मिनेटेड बाय सिग्नल ११’ अशी ओळ असेल तर कोसळला आहे तो सर्व्हरचा बॅकएंड, म्हणजे एकेका कनेक्शनसाठी सर्व्हरवर चालणारी प्रोसेस. मग बाकीचे सगळे कनेक्शनही त्याच क्षणी तुटलेले असतात, कारण एक बॅकएंड असा मेला की पोस्टग्रेएसक्यूएल सामायिक मेमरीवर विश्वास ठेवत नाही आणि सगळे पुन्हा सुरू करते. हा वेगळा आजार आहे, अधिक गंभीर आहे, आणि सर्व्हर मात्र सांभाळला जाणारा असल्याने तो कळवता येतो. सिग्नल ९ दिसला तर बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून कर्नलने मारलेले असते. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसग या कमांडने खात्री करा.

सर्व्हरचा लॉग शांत असेल, किंवा त्यात फक्त ‘अनएक्स्पेक्टेड ईओएफ ऑन क्लायंट कनेक्शन’ असेल, तर पडला तो क्लायंट. हा लेख पुढे त्याच्याबद्दल आहे.

क्लायंट पडल्याने डेटा बिघडत नाही. अर्धवट ट्रँझॅक्शन सर्व्हर मागे घेतो. पण लगेच नव्हे. लांब क्वेरी चालू असेल तर ती सर्व्हरवर चालतच राहते, निकाल पाठवायच्या वेळी समोर कोणी नाही हे त्याला कळते. म्हणून प्रोग्राम पुन्हा उघडण्याआधी पीएसक्यूएल या टर्मिनलमधल्या क्लायंटमधून पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी हा चालू कनेक्शनांचा व्ह्यू बघा. पीजीॲडमिन ३ आपले ॲप्लिकेशन नाव ‘पीजीॲडमिन III - ब्राउझर’ किंवा ‘पीजीॲडमिन III - क्वेरी टूल’ असे नोंदवतो, त्यामुळे त्याच्या ओळी वेगळ्या काढता येतात. याच व्ह्यूच्या क्वेरी या कॉलममध्ये चालू क्वेरीचा मजकूर असतो. जतन न केलेली क्वेरी वाचवायची ही शेवटची संधी. मजकूर उचलला, की पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने ती प्रोसेस बंद करा.

तपासणीपूर्वी बॅकअप घ्यायचा तर तो पीजीॲडमिनच्या मेनूतून घेऊ नका. तो मेनू त्याच्या सेटिंगमध्ये लिहिलेला पीजी_डंप हा बॅकअपचा प्रोग्राम चालवतो, आणि पीजी_डंप सर्व्हरपेक्षा जुना असेल तर काम नाकारतो. सर्व्हरच्याच आवृत्तीचा पीजी_डंप टर्मिनलमधून, -एफसी पर्यायाने चालवा.

‘क्रॅश’ म्हणजे नेमके काय दिसते?

चार वेगळे प्रकार लोक एकाच नावाने सांगतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी.

एक, चूक सांगणारी खिडकी येते, ओके दाबल्यावर प्रोग्राम चालू राहतो. ‘कॉलम नॉट फाउंड इन पीजीसेट’ हे याचे नेहमीचे रूप. दोष जवळजवळ नक्कीच सर्व्हरच्या आवृत्तीशी निगडित आहे. डीबगर उघडूसुद्धा नका, सरळ सर्व्हर लॉगकडे जा.

दोन, ‘डब्ल्यूएक्सविजेट्स डीबग अलर्ट’ नावाची खिडकी येते, त्यात फाइलीचे नाव आणि ओळ क्रमांक असतो. डब्ल्यूएक्सविजेट्स २.८ वर मुकाट चालणाऱ्या गोष्टींवर ३.० तक्रार करते. ‘फॉरमॅट स्पेसिफायर डझन्ट मॅच आर्ग्युमेंट टाइप’ हा त्यातला ठरलेला संदेश: कोडमध्ये एका प्रकारच्या संख्येला दुसऱ्या प्रकारचे चिन्ह दिलेले असते. कंटिन्यू दाबून बहुधा काम पुढे चालते. ओळ क्रमांक मात्र टिपून ठेवा, दुरुस्ती बऱ्याचदा एका अक्षराची असते.

तीन, खिडकी काही न बोलता नाहीशी होते. हा खरा क्रॅश. चार, खिडकी करडी होऊन गोठते. गोठणे आणि कोसळणे यांत गफलत करू नका: गोठलेल्या प्रोग्रामने टॉप या कमांडमध्ये प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण खाल्ला असेल तर तो कुठल्या तरी लूपमध्ये आहे, शून्य टक्के दिसत असेल तर तो डेटाबेसमधल्या कुलपाची (लॉक) किंवा सर्व्हरच्या उत्तराची वाट बघतो आहे. शून्य टक्के असताना, कुलपांची यादी देणारा पीजी_लॉक्स बघितल्याशिवाय क्लायंटला दोष देणे हा अन्याय होतो.

आता प्रोग्राम मेनूतून न उघडता टर्मिनलमधून उघडा. एवढ्यानेही निम्मी प्रकरणे स्पष्ट होतात, कारण लायब्ररी जाताजाता जे ओरडतात ते मेनूतून उघडल्यावर दिसत नाही. ‘मिसमॅच बिटवीन द प्रोग्राम अँड लायब्ररी बिल्ड व्हर्जन्स डिटेक्टेड’ म्हणजे डब्ल्यूएक्सविजेट्सची लायब्ररी आणि प्रोग्राम वेगळ्या घडणीचे आहेत. ‘जीटीके+ २.एक्स सिंबल्स डिटेक्टेड’ म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये जीटीकेच्या दोन पिढ्या शिरल्या आहेत. एखाद्या थीमचे किंवा कीबोर्ड इनपुटचे मॉड्यूल हा पाहुणा घेऊन येते. या दोन्हींत पीजीॲडमिनच्या कोडमध्ये शोधण्यासारखे काही नसते. पुढची कमांड कोणकोणत्या लायब्ररी प्रत्यक्षात जोडल्या जातात ते दाखवते:

एलडीडी /यूएसआर/बिन/पीजीॲडमिन३ | ग्रेप -ई 'डब्ल्यूएक्स|पीक्यू|एसएसएल|जीटीके'

एकाच नावाच्या दोन आवृत्त्या, किंवा /यूएसआर/लोकल मधली विसरलेली प्रत दिसली की थांबा आणि आधी ते निस्तरा.

सेटिंग बाजूला काढा

होम फोल्डरमधल्या .पीजीॲडमिन३ या फाइलीत सगळे सर्व्हर, खिडक्यांची मापे आणि पर्याय असतात. ती पुसू नका, नाव बदला. मग प्रोग्राम उघडा. क्रॅश गेला तर दोष सेटिंगमध्ये आहे: जुनी फाइल परत आणून निम्म्या ओळी काढा, बघा, पुन्हा निम्म्या काढा. चार-पाच फेऱ्यांत दोषी ओळ हाती लागते. दुसरा मॉनिटर काढून टाकल्यावर स्क्रीनबाहेर उघडणारी खिडकी याच फाइलीतल्या मापांमुळे असते आणि ती ‘उघडतच नाही’ अशी भासते. विंडोजवर हीच माहिती रजिस्ट्रीत एचकेईवाय_करंट_यूझर खाली, सॉफ्टवेअर, पीजीॲडमिन III इथे आहे; आधी एक्स्पोर्ट करा, मगच हात लावा.

यंत्राची भाषा मराठी ठेवलेली असेल तर एकदा एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८ लावून चालवून बघा. तेवढ्याने क्रॅश थांबला तर शोधाचा परीघ एकदम लहान होतो. शिवाय संदेश इंग्रजीत आले की ते कोडमध्ये शोधता येतात.

शेवटची क्वेरी कोणती?

डेटाबेसच्या क्लायंटबाबत हा प्रश्न बॅकट्रेसइतकाच, म्हणजे पुढे येणाऱ्या फंक्शनांच्या उतरंडीइतकाच, मोलाचा. पीजीॲडमिनच्या पर्यायांत लॉगिंगची पातळी डीबगपर्यंत वाढवता येते आणि लॉग होम फोल्डरमधल्या पीजीॲडमिन.लॉग मध्ये जातो. पण मरणाऱ्या प्रोग्रामने लिहिलेल्या लॉगची शेवटची ओळ बफरमध्येच राहून गेलेली असू शकते. सर्व्हर जिवंत असतो, म्हणून साक्ष त्याची घ्या.

तपासणीसाठी ‘तपास’ नावाचा वेगळा रोल (डेटाबेसचे वापरकर्ता खाते) बनवा आणि सुपरयूझरने त्याच्यापुरतेच लॉगिंग चालू करा:

ऑल्टर रोल तपास सेट लॉग_स्टेटमेंट = 'ऑल';

हे फक्त नव्या कनेक्शनला लागू होते. पूर्ण सर्व्हरवर ‘ऑल’ लावण्याचा मोह टाळा. डिस्क भरते आणि पासवर्ड बदलण्याच्या कमांडसुद्धा उघड्या मजकुरात लॉगमध्ये जातात. लॉग_लाइन_प्रीफिक्स मध्ये %ए घातले की प्रत्येक ओळीपुढे ॲप्लिकेशनचे नाव येते, ब्राउझर आणि क्वेरी टूल वेगळे ओळखू येतात. नंतर पीजी_रीलोड_कॉन्फ चालवा.

एका टर्मिनलमध्ये लॉगवर टेल -एफ ठेवा, प्रोग्राम उघडा, क्रॅश होईपर्यंत एकेक क्लिक करा. शेवटच्या ओळी दोनपैकी एक चित्र दाखवतील. शेवटी ‘एरर’ आणि त्याखाली ‘स्टेटमेंट’ असेल, तर सर्व्हरने क्वेरी नाकारली आणि क्लायंटला ते पचले नाही. शेवटची क्वेरी बिनचूक पार पडली असेल, तर उत्तरातल्या मजकुरावर प्रक्रिया करताना, किंवा डेटाबेसशी संबंध नसलेल्या जागी क्लायंट अडखळला.

पहिले चित्र फार वेळा दिसते. पीजीॲडमिन ३ ला ९.६ पर्यंतचा सर्व्हर माहीत आहे; त्यापुढचा दिसला की तो तसे सांगतोही. तो खिडकीत दिसणाऱ्या डेटाबेसच्या झाडातली प्रत्येक फांदी सिस्टिम कॅटलॉगला, म्हणजे सर्व्हर स्वतःची माहिती ठेवतो त्या टेबलांना, क्वेरी पाठवून भरतो, आणि कॅटलॉग हा पोस्टग्रेएसक्यूएलने जसाच्या तसा ठेवण्याचे वचन दिलेला भाग नाही. कुठे काय गेले याची ही यादी जवळ ठेवा:

९.५ मध्ये रोलकॅटअपडेट गेला; १.२२ च्या आधीची पीजीॲडमिनची आवृत्ती वापरणाऱ्यांना हा भेटतो.
१० मध्ये सीक्वेन्सची किमान, कमाल, वाढ ही माहिती सीक्वेन्समधून उचलून पीजी_सीक्वेन्स कॅटलॉगमध्ये ठेवली. पीजी_एक्सलॉग ने सुरू होणाऱ्या फंक्शनांची नावे पीजी_वॉल झाली.
११ मध्ये पीजी_प्रॉक मधला प्रोइजॲग जाऊन प्रोकाइंड आला.
१२ मध्ये पीजी_ॲटरडेफ मधला एडीएसआरसी, पीजी_कन्स्ट्रेंट मधला कॉन्सआरसी आणि पीजी_क्लास मधला रेलहॅजओआयडीज हे तिन्ही गेले.
१५ मध्ये पीजी_डेटाबेस मधला डॅटलास्टसिसओआयडी गेला.

शेवटचा सर्वात त्रासदायक, कारण तो डेटाबेसांची यादी आणतानाच लागतो. म्हणजे जोडणी होताक्षणीच अडचण. लॉगमध्ये एरर कोडही घ्यायचा असेल तर %ई घाला: ४२७०३ म्हणजे कॉलम नाही, ४२८८३ म्हणजे फंक्शन नाही, ४२पी०१ म्हणजे टेबल नाही. या तिघांपैकी काही दिसले की समजा, जुना क्लायंट नव्या कॅटलॉगला जुन्या नावाने हाक मारतो आहे.

सर्व्हर बदलून बघा

एरवी कोणत्या बदलाने दोष आणला ते गिट बायसेक्टने, म्हणजे आवृत्त्यांचा टप्पा दर वेळी निम्मा करत, शोधतात. इथे ॲप्लिकेशनचा कोड गोठलेला असल्याने तीच युक्ती सर्व्हरवर वापरा. डॉकर असेल तर एक आवृत्ती उभी करायला मिनिटभर पुरते:

डॉकर रन --आरएम -ई पोस्टग्रेस_होस्ट_ऑथ_मेथड=ट्रस्ट -पी १२७.०.०.१:५४३३:५४३२ पोस्टग्रेस:९.६

ट्रस्ट म्हणजे पासवर्डच नाही. स्क्रॅमचा गुंता टाळण्यासाठी तो घेतला आहे. म्हणूनच पुढचा १२७.०.०.१ विसरू नका, नाहीतर पोर्ट सगळ्या नेटवर्कला उघडा राहतो. पीजीॲडमिन ५४३३ ला जोडा आणि त्याच क्लिक करा. ९.६ वर चालले, १५ वर पडले, तर मधली १२ घ्या. रिकाम्या डेटाबेसवर कुठल्याच आवृत्तीत क्रॅश होत नसेल तर तुमच्या डेटाबेसचे फक्त सांगाडे, म्हणजे पीजी_डंपच्या --स्कीमा-ओन्ली पर्यायाने काढलेली फाइल, त्यात भरा. तरी नाही? मग दोष डेटात: फार लांब मजकूर, नल, किंवा एसक्यूएल_एएससीआयआय एन्कोडिंगच्या जुन्या डेटाबेसमध्ये शिरलेले यूटीएफ-८ नसलेले बाइट. देवनागरी मजकूर वर्षानुवर्षे वेगवेगळ्या मार्गांनी भरलेल्या डेटाबेसमध्ये हे शेवटचे हमखास तपासा.

बॅकट्रेस

कोसळण्याच्या क्षणी कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले होते, त्याची ही उतरंड. आधी डिबग सिंबल, म्हणजे पत्त्यांना फंक्शनांची नावे आणि ओळी जोडणारी माहिती, मिळवा, नाहीतर उतरंडीत नुसती प्रश्नचिन्हे येतात. डेबियनवर डिबगइन्फोडी_यूआरएलएस या व्हेरिएबलमध्ये डेबियनचा डिबगइन्फोडी सर्व्हर लिहिला की जीडीबी या डीबगरची नवी आवृत्ती सिंबल आपोआप उतरवते. उबुंटूवर -डीबीजीसिम ने संपणारी पॅकेज वेगळ्या रिपॉझिटरीतून घेता येतात.

क्रॅश होऊन गेला असेल तर कोअर फाइल, म्हणजे कोसळताना प्रोग्रामच्या मेमरीची लिहिली गेलेली प्रत, शोधा. सिस्टिमडी-कोअरडंप असेल तर कोअरडंपसीटीएल लिस्ट आणि मग कोअरडंपसीटीएल जीडीबी. उबुंटूवर ॲपोर्ट असल्यास /व्हार/क्रॅश बघा. ॲपोर्ट-अनपॅक ने तिथल्या फाइलीतून कोअर वेगळा निघतो. काहीच नसेल तर यूलिमिट -सी अनलिमिटेड करून त्याच टर्मिनलमधून प्रोग्राम पुन्हा चालवा. कोअर कुठे लिहिला जातो ते /प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न मध्ये असते. क्रॅश हवा तेव्हा घडवता येत असेल तर सरळ डीबगरमध्येच चालवा:

जीडीबी --आर्ग्ज पीजीॲडमिन३
सेट पेजिनेशन ऑफ
सेट लॉगिंग एनेबल्ड ऑन
हँडल सिगपाइप नोस्टॉप नोप्रिंट पास
रन

जुन्या जीडीबीत तिसरी ओळ ‘सेट लॉगिंग ऑन’ अशी आहे. चौथी ओळ गाळू नका. सर्व्हरने कनेक्शन तोडले की सिगपाइप हा सिग्नल येऊ शकतो आणि जीडीबी त्यावर थांबतो; नवखा माणूस त्यालाच क्रॅश समजून भलत्याच जागेचा बॅकट्रेस घेतो. क्रॅश झाल्यावर:

थ्रेड अप्लाय ऑल बीटी फुल
इन्फो शेअर्डलायब्ररी

एक खाचखळगा असा की मेनू उघडा असताना क्रॅश झाला तर माउस त्या प्रोग्रामच्या ताब्यात असतो, जीडीबीने त्याला थांबवून धरलेले असते, आणि अख्खा डेस्कटॉप गोठल्यासारखा होतो. यंत्र बंद करू नका. कंट्रोल-आल्ट-एफ३ ने मजकुरी कन्सोलवर जा आणि तिथून जीडीबीची प्रोसेस मारा. असा क्रॅश वारंवार तपासायचा असेल तर दुसऱ्या यंत्रावरून एसएसएचने आत येऊन, चालू प्रोसेसला -पी पर्यायाने जीडीबी जोडा. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आले तर सुडो लावा. उबुंटूवर दुसऱ्या चालू प्रोसेसला जोडणे मुळात बंद ठेवलेले असते.

उतरंड कशी वाचायची

शून्य क्रमांकाची ओळ म्हणजे जिथे प्राण गेला ती जागा. ती सीच्या किंवा डब्ल्यूएक्सविजेट्सच्या लायब्ररीत असली तरी दोष तिथे असेलच असे नाही. खाली उतरत जा आणि पीजीॲडमिनच्या सोर्स फाइलीचे नाव जिथे प्रथम येते तिथे थांबा. तपास तिथून सुरू होतो.

मग पत्ता बघा. ‘दिस’ ची, म्हणजे फंक्शन ज्या ऑब्जेक्टवर चालले आहे त्याच्या पत्त्याची, किंमत शून्य असेल, किंवा शून्याच्या अगदी जवळचा लहानसा आकडा असेल, तर कोड रिकाम्या पॉइंटरच्या आत काहीतरी वाचायला गेला. लहान आकडा म्हणजे त्या ऑब्जेक्टमधल्या सदस्याचे सुरुवातीपासूनचे अंतर. डेटाबेसच्या क्लायंटमध्ये याचे सर्वसामान्य कारण: क्वेरी फसली, निकालाच्या जागी काहीच आले नाही, आणि पुढच्या ओळीने ते न तपासता पहिला कॉलम मागितला. आधी टिपलेली शेवटची क्वेरी आणि ही ओळ शेजारी ठेवा. जुळली तर निदान झाले.

क्रॅशचा सिग्नल सिगअबॉर्ट असेल आणि वरच्या ओळींत रेज, अबॉर्ट ही फंक्शने असतील, तर प्रोग्रामने स्वतःहून मान टाकली आहे. टर्मिनलवर ‘फ्री: इनव्हॅलिड पॉइंटर’ किंवा ‘डबल फ्री ऑर करप्शन’ असेल तर मेमरी आधीच कुठेतरी बिघडली होती, उघडकीस आत्ता आली. अशा प्रकरणात दर वेळी बॅकट्रेस वेगळा येतो, आणि त्यातली कोणतीही एक ओळ खरी मानून कोड बदलत बसणे व्यर्थ. मेमरीच्या चुका पकडणारे व्हॅलग्राइंड हे साधन वापरा; त्यात प्रोग्राम दहा ते तीस पट संथ चालतो, जोडणी व्हायलाच बराच वेळ लागतो, पण ‘इनव्हॅलिड राइट’ ची पहिली नोंद दोषी ओळीवर बोट ठेवते. पहिलीच बघा. नंतरच्या शेकडो नोंदी तिचे परिणाम असतात, आणि जीटीकेच्या स्वतःच्या कुरबुरीही त्यांत मिसळलेल्या असतात.

स्वतः बांधून बघायचे असेल तर

इथे कंपायलरचा बदल भेटतो. जीसीसी ६ पासून मूळ भाषा सी++१४ झाली आणि कंसातली, मोठ्या प्रकारची संख्या लहान प्रकारात बसवणारी जी रूपांतरे पूर्वी फक्त इशाऱ्यावर सुटत ती चूक ठरू लागली. म्हणून -डब्ल्यूनो-नॅरोइंग द्यावे लागते. एसएसएच टनेलसाठी पीजीॲडमिनने लिबएसएसएच२ ची जुनी प्रत पोटातच ठेवली आहे; ओपनएसएसएल १.१ ने आतल्या रचना झाकून टाकल्यावर ती बांधली जात नाही. टनेल लागत नसेल तर तो भाग वगळा. ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबएक्सएमएल२, लिबएक्सएसएलटी, लिबपीक्यू आणि डब्ल्यूएक्सविजेट्स ३.० यांची डेव्हलपमेंट पॅकेज घ्या, आणि:

बॅश बूटस्ट्रॅप
सीएक्सएक्सफ्लॅग्ज="-जी -ओ० -डब्ल्यूनो-नॅरोइंग" ./कॉन्फिगर --विथ-डब्ल्यूएक्स-व्हर्जन=३.० --विथ-ओपनएसएसएल=नो
मेक -सी पीजीॲडमिन ऑल

-ओ० मुळे बॅकट्रेसमध्ये ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ येत नाही, सगळी व्हेरिएबल दिसतात. क्रॅश फक्त वितरणाच्या पॅकेजमध्ये आहे आणि या प्रतीत नाही, असे आढळले तर तीही माहितीच: न भरलेल्या व्हेरिएबलवर किंवा ऑप्टिमायझरवर संशय जातो. शून्यापासून बांधण्याआधी जुन्या डेबियनच्या सोर्स पॅकेजमधले डेबियन/पॅचेस हे फोल्डर जरूर चाळा. पॅकेज सांभाळणाऱ्यांनी मूळ प्रकल्प थांबल्यावरही केलेल्या दुरुस्त्या तिथे पडून असतात.

एक दुरुस्ती, उदाहरणादाखल

सीक्वेन्सचे प्रकरण घ्या. १० किंवा पुढच्या सर्व्हरवर सीक्वेन्सच्या फांदीवर क्लिक केले की लॉगमध्ये ४२७०३ येतो. स्टेटमेंटमध्ये मिन_व्हॅल्यू, कॅश_व्हॅल्यू, इज_सायकल्ड, इन्क्रीमेंट_बाय हे कॉलम थेट सीक्वेन्समधून मागितलेले दिसतात. १० नंतर सीक्वेन्समध्ये लास्ट_व्हॅल्यू, लॉग_सीएनटी आणि इज_कॉल्ड एवढेच उरले आहेत. बाकीचे पीजी_सीक्वेन्सेस या व्ह्यूत आहेत, पण तिथे कॅश_व्हॅल्यू चे नाव कॅश_साइझ आणि इज_सायकल्ड चे सायकल आहे, आणि इज_कॉल्ड मुळीच नाही. म्हणजे नवी क्वेरी दोन्ही जागा जोडून लिहावी लागते.

नवी क्वेरी कशी असावी हे अंदाजाने ठरवू नका. सर्व्हरच्याच आवृत्तीचा पीएसक्यूएल -ई पर्यायाने, कॅपिटल ई, उघडा आणि बॅकस्लॅश-डी पुढे सीक्वेन्सचे नाव द्या. पीएसक्यूएल स्वतः कॅटलॉगला काय विचारतो ते छापले जाते. ही सर्वात विश्वासार्ह शिकवणी, आणि फुकट.

कोडमध्ये जुन्या कॉलमच्या नावावर गिट ग्रेप करा. आवृत्ती तपासणारे बॅकएंडमिनिममव्हर्जन हे फंक्शन पीजीॲडमिनमध्ये आधीपासून आहे. त्याला १० आणि ० देऊन नवी क्वेरी त्या अटीखाली ठेवा, जुनी तशीच राहू द्या. दुरुस्तीनंतर ९.६, १० आणि तुमचा सर्व्हर अशा तीन डॉकर प्रतींवर तपासा. निकाल रिकामा आला तर काय, ती तपासणीही त्याच वेळी घाला, नाहीतर पुढच्या कॅटलॉग बदलाला तोच क्रॅश नव्या जागी होईल.

कॅटलॉगमध्येच नसलेला कॉलम घुसवायचा किंवा सर्च_पाथ उलटवून पीजी_डेटाबेस नावाचा खोटा व्ह्यू पुढे करायचा, असे उपाय सुचवले जातात. चालू डेटाबेसवर ते करू नका. क्लायंटच्या सोयीसाठी सर्व्हरची ओळख बदलली की बाकीची साधने आणि पुढचे अपग्रेड दोन्ही अडचणीत येतात, आणि सर्च_पाथशी असा खेळ हे सुरक्षेचे भोक आहे.

दुरुस्ती करायची की नाही, हा हिशेब बॅकट्रेस हातात आल्यावरच मांडा. एक-दोन क्वेरी बदलून भागत असेल तर करण्यासारखे आहे. मेमरीचा दोष असेल, किंवा सर्व्हर १५ च्या पुढे असून प्रत्येक फांदीवर वेगळी चूक येत असेल, तर पीजीॲडमिन ४ किंवा डीबीव्हर हा दुसरा क्लायंट घ्या आणि तिसरा फक्त ९.६ च्या जुन्या सर्व्हरपुरता ठेवा. त्या सर्व्हरलाही नोव्हेंबर २०२१ नंतर दुरुस्त्या मिळालेल्या नाहीत, म्हणून तो इंटरनेटला उघडा नको.

पॅच केला तर त्यासोबत एक साधी मजकूर फाइल ठेवा: पीजीॲडमिन, सर्व्हर, लिबपीक्यू, डब्ल्यूएक्सविजेट्स आणि यंत्रणा यांच्या आवृत्त्या, क्रॅश घडवणाऱ्या क्लिक क्रमाने, शेवटची क्वेरी, बॅकट्रेस. कोअर फाइल मात्र कोणालाही देऊ नका. तिच्यात कनेक्शनचा पासवर्ड आणि उघडलेल्या टेबलांचा मजकूर जसाच्या तसा असतो. सर्व्हरच्या लॉगचे तुकडे देतानाही क्वेरीतली नावे आणि आकडे बदला.

शेवटी आवराआवर. ऑल्टर रोल तपास रीसेट लॉग_स्टेटमेंट, मग तो रोल काढून टाका. लॉग_लाइन_प्रीफिक्स पूर्ववत करा आणि पुन्हा रीलोड करा. डॉकरच्या प्रती --आरएम मुळे थांबवताच नाहीशा होतात. उतरवलेल्या इमेज डिस्कवर राहतात, त्या वेगळ्या काढाव्या लागतात.